पूर्ववत

सरकारी मराठीची थट्टा करणे सोपे असते. ‘सदरहू’, ‘उपरोक्त’, ‘उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर’ असे शब्द वर्गात फळ्यावर लिहिले की पुढचे काम विद्यार्थीच करतात. हशा हमखास मिळतो. या भाषेची एक बाजू मात्र अशा थट्टेत निसटून जाते. ललित लेखनातला शब्द बहुधा घडलेल्या किंवा कल्पिलेल्या गोष्टीविषयी बोलतो. कचेरीतला शब्द गोष्ट घडवतो, नाही तर अडवतो. कागदावर ‘मंजूर’ उमटण्यापूर्वी रस्त्यावर पहार पडली तर तो गुन्हा. उमटल्यानंतर तीच पहार, तोच हात आणि तोच खड्डा हे रीतसर काम. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने बोलण्यातूनच कृती घडवणाऱ्या विधानांचा विचार मांडला तेव्हा त्याची उदाहरणे लग्नाची, जहाजाच्या नामकरणाची आणि मृत्युपत्राची होती. रस्ता खोदण्याची परवानगी त्याला सुचली नाही. त्याच्या गावात ती बहुधा लवकर मिळत असावी.

अशा एका परवानगीच्या निमित्ताने २०२३ साली आम्हांस या भाषेत सात-आठ महिने मुक्काम करावा लागला. शहराचे नाव सांगण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही मध्यम महानगरपालिकेच्या हद्दीत हे असेच घडले असते. आमची सोसायटी चोवीस बिऱ्हाडांची, इमारत तीस वर्षांपूर्वीची. नळाची जुनी लोखंडी वाहिनी गंजून गेली होती, आणि मुख्य जलवाहिनी मधल्या काळात रस्त्याच्या पलीकडच्या बाजूस गेली होती. तेव्हा रस्ता आडवा खणणे आले. दुसरी गोष्ट गेटची. इमारतीसमोर नवा पदपथ बांधला गेला आणि त्याची अर्ध्या फुटाची कड थेट गेटसमोर उभी राहिली. स्कूटरवाल्यांनी दोन फरशा टेकवून तात्पुरती सोय केली. मोटारी आत येईनात. म्हणून पदपथ गेटपुरता उतरवून मिळावा, अशी दुसरी विनंती. ‘तुम्ही मराठीचे, तुम्हीच लिहा’ या न्यायाने दोन्ही अर्ज आमच्या वाट्याला आले.

दोन्ही अर्ज एकाच खात्याकडे, एकाच टेबलावर, जवळजवळ एकाच नमुन्यात. पण लिहिताना लक्षात आले की त्यांचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे. खोदाईच्या परवानगीतली मुख्य अट अशी, की अर्जदाराने काम संपताच रस्ता पूर्ववत करून द्यावा. गेटसमोरच्या उताराच्या परवानगीचा अर्थ असा, की तेवढा पदपथ यापुढे कधीही पूर्ववत होणार नाही. पहिल्या कामाला अनामत रक्कम, मुद्रांकावर हमीपत्र, रात्रीचा दिवा, वाहतूक शाखेचे ‘ना हरकत’ असा सगळा बंदोबस्त. दुसऱ्याला एक साधा नकाशा आणि शुल्क. जे काम चार रात्रींत मिटायचे त्याची एवढी धास्ती, आणि जे कायमचे त्याबद्दल एवढी बेफिकिरी.

खोदाईच्या अर्जाचा नमुना वाचण्यासारखा असतो. लांबी, रुंदी, खोली, पृष्ठभाग डांबरी की काँक्रीटचा की ब्लॉकचा, कारण पृष्ठभागानुसार दर बदलतो, कामाचा कालावधी, परवानाधारक प्लंबरचे नाव, स्थळदर्शक नकाशा. ‘कारण’ या रकान्याला मात्र एकच ओळ. तीस वर्षांचा गंज, चौथ्या मजल्यावर न चढणारे पाणी, टँकरवरून झालेली भांडणे हे सारे ‘नवीन नळजोड’ या दोन शब्दांत बसवायचे. काटकसरीने कसे लिहावे हे ज्यांना शिकवायचे असेल त्यांनी हा नमुना वर्गात जरूर वापरावा.

आणि शब्द किती जुने! अर्ज जिथे नोंदवला जातो त्या टेबलाला आजही ‘बारनिशी’ म्हणतात. चिटणीस, फडणीस यांच्याच कुळातला हा शब्द. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पुढे १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने इंग्रजी शब्दांच्या बाबतीत तेच काम हाती घेतले. ‘अभियंता’, ‘अधीक्षक’ रुळले. इतक्या चाळण्यांतूनही बारनिशी शिल्लक राहिली आहे. खात्याचे नाव संस्कृत वळणाचे, हाताखालचा ‘रस्ता’ फारसी, आणि काम संपल्यावर उरतो तो ‘राडारोडा’ अस्सल देशी. हा शेवटचा शब्द आम्हांस फार आवडतो. उच्चारताच तुटक्या विटा आणि ओली माती डोळ्यांसमोर येते.

खोदलेल्या लांब खड्ड्याला ‘चर’ म्हणतात. संस्कृतातला ‘चर’ म्हणजे चालणारे, हलणारे, चराचरातला. पादचारी त्याच धातूचा वंशज. मराठीत तो ज्याच्यापाशी येऊन थांबतो, त्याचेही नाव चर. ही केवळ अक्षरांची गंमत आहे, तिच्यावर व्युत्पत्तीचा इमला उभा करू नये.

पदपथाच्या कडेला मात्र मराठीत शब्द नाही. अर्जात आम्ही ‘पदपथाची कड’ असे लिहिले; कारकुनाने पेन्सिलीने वर ‘कर्ब’ असे दुरुस्त केले, आणि त्याचेच बरोबर होते, कारण गवंडी, मुकादम, ठेकेदार, अभियंते सगळे कर्बच म्हणतात. एखाद्या गोष्टीला शब्द नसणे आणि तिच्याविषयी विचार नसणे यांचा संबंध असतोच असे नाही. इथे तो असावा असा संशय येतो. घराच्या आतल्या प्रत्येक उंचवट्याला आपल्याकडे नाव आहे: उंबरठा, ओटा, ओटी, पडवी, चौथरा. सडा-रांगोळी दाराबाहेर चार हात जाते आणि तेवढी जमीन मनाने आपली होते. पण ती जिथे संपते आणि सगळ्यांची सुरू होते ती सीमा आपण नाव न देता सोडून दिली. ‘पायरी’ हा जवळचा शब्द म्हणावा, तर त्याच्याशी आपले नाते निराळेच. पंढरपूरला नामदेवाची पायरी आहे, जिच्यावर पाऊल पडावे हीच तिची धन्यता. आणि व्यवहारात ‘पायरी ओळखून राहा’ अशी तंबी आहे. पदपथ ही अशी पायरी आहे, जिच्यावर चालणाऱ्याला गाडीहून अर्धा फूट वरचे स्थान मिळते. शहरात पायी चालणाऱ्याला वरचे स्थान मिळण्याची दुसरी जागा आमच्या माहितीत नाही.

स्थळपाहणीला कनिष्ठ अभियंता आल्या त्या दिवशी हे सगळे आमच्या डोक्यात नव्हते. त्या तिशीतल्या, हातात टेप, बरोबर एक मदतनीस. आमचे सेक्रेटरी लगबगीने पुढे झाले. नकाशात गेटच्या रुंदीएवढा पदपथ रस्त्याच्या पातळीला उतरवून दाखवला होता. बाईंनी तो पाहिला, मग पदपथावरून दहा पावले चालून परत आल्या.

“काका, हा उतार कशासाठी?”

“मॅडम, गाडीला चढ नको म्हणून.”

“मग चढ माणसाला?”

सेक्रेटरी हसले. त्यांना तो विनोद वाटला असावा. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन आकृत्या काढल्या. पहिलीत पदपथ खाली येतो, गेटसमोर रस्त्याला मिळतो, पुन्हा वर जातो. गाडी सपाट जाते. दुसरीत पदपथ आहे त्या पातळीवर सरळ राहतो. गाडी बाहेरच्या कडेवर छोटा उतार चढते, पदपथ ओलांडते, आणि आत, आमच्या हद्दीत, दुसऱ्या उताराने खाली येते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेचा रोख या दुसऱ्या आकृतीकडे आहे; कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये असेही तीत आहे. बाईंनी मार्गदर्शिकेचा उल्लेख केला नाही. आम्ही तो नंतर शोधला. “पहिली आकृती मी नाकारू शकत नाही, सगळीकडे तशीच झालीय,” त्या म्हणाल्या, “पण सभेत दोन्ही दाखवा.”

त्या संध्याकाळी आम्ही आमच्या बाजूचा पदपथ मोजला. सुमारे शंभर मीटरांत सात गेटे. प्रत्येक गेट साधारण साडेतीन मीटर रुंद. १५ सेंटिमीटरची उंची चाकाच्या खुर्चीला झेपेल अशा एकास बारा उताराने उतरवायची तर एका बाजूला १.८ मीटर लागतात, दोन्ही बाजूंना मिळून ३.६. म्हणजे गेटमागे ७.१ मीटर, सात गेटांचे जवळजवळ पन्नास मीटर. नियमाने उतार केले तर निम्मा पदपथ उतारातच जातो. प्रत्यक्षात कोणी एवढे लांब उतार करत नाही. पदपथ तीव्र कोनात एकदम खाली पडतो आणि तसाच वर येतो. आमच्या रस्त्यावर मारुतीच्या देवळापर्यंत जायचे तर चौदा वेळा चढ-उतार करावा लागतो.

तळमजल्यावरच्या काकांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. ते रोज देवळापर्यंत जातात, आणि रस्त्याच्या कडेने, गाड्यांना खेटून जातात. नवा पदपथ सोडून ते असे का चालतात म्हणून त्यांच्या मुलाने अनेकदा वाद घातला होता. आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, “अहो, रस्ता सपाट आहे.” वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत दर महिन्याला कोणीतरी पादचाऱ्यांच्या बेशिस्तीवर लिहिते: पदपथ असून लोक रस्त्यावरून चालतात. ती पत्रे लिहिणाऱ्यांनी एकदा काठी घेऊन हे शंभर मीटर चालून पाहावे.

पदपथ कोणाचा, हा प्रश्न आपल्या न्यायालयांनी मोठ्या गांभीर्याने हाताळला आहे, पण तो गाडीवाल्याच्या संदर्भात क्वचितच. १९८१ साली मुंबईतल्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवण्याची घोषणा झाली आणि ओल्गा टेलिस या पत्रकार त्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८५ च्या निकालाने उपजीविका हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले, आणि त्याच वेळी पदपथ हे चालणाऱ्यांसाठी असतात, त्यांवर कोणालाही कायमचे ठाण मांडण्याचा हक्क नाही, योग्य नोटीस देऊन हटवता येईल, असेही म्हटले. अभ्यासक्रमांत या निकालाचा पूर्वार्ध शिकवला जातो, महापालिका उत्तरार्ध वापरतात. पथारी अंथरणारा अतिक्रमण करतो हे सर्वांना दिसते, कारण त्याची पथारी दिसते. बंगल्याच्या गेटासमोर पदपथ कापून केलेला उतार अतिक्रमण वाटत नाही. तो बांधकामाचा भाग वाटतो, शिवाय त्यावर मंजुरीचा शिक्का असतो. पथारी रात्री गुंडाळता येते. उतार राहतो.

आम्ही अर्ज केला तेव्हा आणखी एक निकाल यायचा होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा पदपथ असणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या हक्कात बसते असे म्हटले, आणि पदपथ अपंग व्यक्तींनाही वापरता आले पाहिजेत हेही स्पष्ट केले. अनुच्छेद तोच. चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या आधाराने पदपथावर राहणाऱ्यांची बाजू मांडली गेली होती, आता चालणाऱ्यांची.

गंमत अशी, की इंग्रजीत ‘कर्ब कट’ हा एकच शब्द दोन उलट कामांना चालतो. गाडी आत यावी म्हणून कडा कापतात तोही कर्ब कट, आणि चाकाची खुर्ची वर चढावी म्हणून चौकात कापतात तोही. दुसऱ्याचा इतिहास मोठा आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कॅलमझू शहरात दुसऱ्या महायुद्धातून जखमी होऊन परतलेल्यांसाठी १९४५ च्या सुमारास असे उतार झाले; सत्तरच्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत अपंग विद्यार्थ्यांच्या चळवळीने ते शहरभर मागून घेतले; १९९० च्या कायद्याने ते देशभर बंधनकारक झाले. मग लक्षात आले की बाबागाडी ढकलणारी आई, चाकाची पेटी ओढणारा प्रवासी, हातगाडीवाला, सगळे तिथूनच चढतात. आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्याच्या इंग्रजी पाठात हे दोन शब्द जसेच्या तसे आहेत. फक्त त्या कलमाच्या आरंभी एक अट आहे: शासनाने आणि स्थानिक संस्थांनी हे आपल्या आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत राहून करावे. २०१६ च्या नव्या कायद्याने जुन्याची जागा घेतली. दरम्यानच्या वीस वर्षांत आर्थिक कुवत मर्यादित होती, पण गेटांसमोरचे उतार होत राहिले. त्यांचा खर्च गेटवाले देत होते.

सोसायटीची सभा ऑगस्टमध्ये झाली. चोवीसपैकी एकवीस सभासद हजर. लग्नाच्या बोलणीलाही आमच्याकडे एवढी उपस्थिती नसते. दोन्ही आकृत्या भिंतीवर लावल्या होत्या. दुसऱ्या आकृतीची अडचण उघड होती. आतला उतार आमच्या जागेत घ्यायचा तर गेट आत सरकणार आणि दोन दुचाकींची जागा जाणार. पदपथ सरळ ठेवण्याची किंमत कोणीतरी द्यायची होती, आणि ती प्रथमच आम्हांस मोजून दाखवली जात होती. पहिल्या आकृतीत हीच किंमत रस्त्याने जाणारे देत होते, म्हणून ती आकृती ‘फुकट’ होती.

बोलणी कडू झाली. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी विचारले, “आपणच का? पलीकडच्या सहा गेटांनी पदपथ कापला तेव्हा कोणी विचारले?” प्रश्न अगदी रास्त होता. सात गेटांपैकी एकाने पदपथ सरळ ठेवला तर काकांचे चौदा चढ-उतार बारा होतील, यापलीकडे काय? आम्ही उभे राहून जमेल तेवढे बोललो: सार्वजनिक आणि खासगी, पायी चालणाऱ्याचा मान, मारुतीचे देऊळ. सभेने शांतपणे ऐकून घेतले. मास्तरांचे ऐकून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. मग मागे बसलेल्या, एरवी सभेत अवाक्षर न काढणाऱ्या एका बाई म्हणाल्या, “गेटपाशी फुटपाथ खाली आणला तर पावसाचं पाणी सरळ पार्किंगमध्ये येणार नाही का?”

सभा गप्प झाली. कारण हे खरे होते आणि ते प्रत्येकाला दिसत होते. तीस वर्षांत रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढून रस्ता इमारतीच्या आवारापेक्षा वर गेला होता. जुने थर न खरवडता नवे अंथरले की हे होते. शहरातल्या जुन्या घरांची जोती अशीच बुडाली आहेत. मधे आता उभी होती ती फक्त पदपथाची कड. ती कापणे म्हणजे बांध फोडणे. मतदान झाले: तेरा विरुद्ध आठ. पदपथ सरळ राहिला. माणसाच्या बाजूने जे पटले नव्हते ते पाण्याच्या बाजूने पटले. आम्हांस याचे वाईट वाटले नाही. साहित्याच्या अध्यापनात उत्तम कृती चुकीच्या कारणासाठी आवडल्याची उदाहरणे आम्ही रोज पाहतो. कृती त्यामुळे कमी उत्तम होत नाही.

नळाच्या चराला मात्र थांबावे लागले. पावसाळ्याचे चार महिने तातडीच्या कामाखेरीज रस्ते खोदू देत नाहीत. देव शयनी एकादशीला झोपतात आणि कार्तिकीला उठतात. रस्त्यांचाही असाच चातुर्मास असतो, आणि तो पाळण्यामागे धर्मापेक्षा भक्कम कारण आहे. ओली माती ठोकून बसत नाही. नोव्हेंबरमध्ये परवानगी हातात आली. परवानगीच्या अटी तेरा. रात्री दिवा ठेवण्याची अट वाचताना कुतूहल वाटले, म्हणून मुंबईचा १८८८ चा महापालिका कायदा काढून पाहिला, तर तिथेही तेच: परवानगीशिवाय रस्ता खोदू नये, खोदला तर कुंपण घालावे, रात्री उजेड ठेवावा. कायदा झाला तेव्हा तो दिवा रॉकेलचा असणार. आता प्लंबरने दोन लाल एलईडीच्या माळा लावल्या, गणपतीतल्या उरलेल्या.

खोदाई रात्री झाली. साठ सेंटिमीटर रुंद, मीटरभर खोल. यंत्राने वरचे डांबर कापले, खालचे हाताने. विजेच्या उजेडात चराची भिंत स्वच्छ दिसत होती: वर डांबराचे सहा थर, मधे पातळ धुळीची रेघ, खाली खडी, त्याखाली दगडांचे सोलिंग, मग मुरूम आणि अगदी तळाशी काळी माती, जी एके काळी शेत होती. एक थर म्हणजे बहुधा एक निवडणूक, असे मुकादम म्हणाले. मधेच मातीचा एक जुना नळ निघाला, कोणत्याही नकाशात नसलेला, आणि एक केबल, जी कोणाचीच नव्हती. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने खोदणाऱ्यांना आधीच खालच्या वाहिन्यांच्या मालकांना कळवता यावे म्हणून एक अ‍ॅप आणले. त्यातून कळवता येते ते मालक असलेल्या वाहिन्यांबद्दल. मुकादमांनी त्या केबलला कपाळाशी हात नेऊन नमस्कार केला आणि माणसांना बाजूने खणायला सांगितले. यावर कोणाचे शुल्क नव्हते, अट नव्हती. आम्हांस तो त्या सात महिन्यांतला सर्वांत जबाबदार क्षण वाटतो.

भरणे मात्र वेगळ्या हातांनी झाले. खणलेली माती हवेने फुगलेली असते. ती पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरांनी घालून, पाणी मारून, प्रत्येक थर ठोकून घ्यायचा असतो. मग खडी, मग डांबर. मीटरभराला सहा-सात थर होतात आणि अर्धी रात्र जाते. आमच्या चराचे भरण ठेकेदाराच्या दुसऱ्या टोळीने ट्रॅक्टरची ट्रॉली तीनदा उलटवून तासाभरात उरकले. वर डांबर पडल्यावर आत काय आहे ते कोणाला दिसते? ठिगळ काळेभोर आणि सुंदर दिसत होते. डिसेंबरमध्ये तपासणी झाली आणि शेरा आला: ‘रस्ता पूर्ववत केल्याचे आढळून आले.’ अनामत परत मिळाली.

तो शेरा खोटा नव्हता. ज्या दिवशी लिहिला त्या दिवशी खरा होता. ‘पूर्ववत’ या शब्दात काळाची अडचण आहे. ‘वत्’ हा प्रत्यय सारखेपणा सांगतो, एकरूपता नव्हे. पुत्रवत् म्हणजे पुत्र नव्हे. पूर्ववत म्हणजे पूर्वीसारखा दिसणारा. दिसण्याची मुदत किती, हे शब्द सांगत नाही. जुलै २०२४ मध्ये, दुसऱ्या मोठ्या पावसानंतर, चराच्या रेषेने रस्ता खचला. आम्ही आडवी पट्टी ठेवून मोजले: मधोमध चार सेंटिमीटर. गाडीला तो एक धक्का. काठी टेकत रस्ता ओलांडणाऱ्याला ती पाण्याने भरलेली, खोली न कळणारी एक ओळ.

पुन्हा अर्ज केला. परत मिळालेली अनामत पुन्हा भरली, आणि ‘कारण’ या रकान्यात ‘पूर्वीचे भरण खचल्याने’ असे लिहिले. बारनिशीतल्या बाईंनी विचारले, “हे काम तुमचंच होतं ना? मग शुल्क?” वरच्या टेबलावरून उत्तर आले की शुल्क नाही, फक्त अनामत. ऑक्टोबरमध्ये चर पुन्हा उघडला, या वेळी आम्ही आणि सेक्रेटरी रात्री दोनपर्यंत खुर्च्या टाकून बसलो आणि थर मोजले. सात झाले. पुढचा पावसाळा गेला, तो भाग अजून खचलेला नाही.

गेटसमोर पदपथ सरळ आहे. मोटारी चढताना कुरकुरतात, एकीचे पोट पहिल्या आठवड्यात घासले आणि मग बाहेरच्या उताराची धार घासून कमी करावी लागली. काका आता आमच्या गेटसमोर पदपथावरून जातात, पुढच्या गेटपाशी रस्त्यावर उतरतात आणि देवळापर्यंत रस्त्यानेच जातात. सात मीटर वर, उरलेले खाली.

गेल्या महिन्यात शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी त्यांच्या गेटची फरशी बदलायची म्हणून आमचा नकाशा मागायला आले. दुसऱ्या आकृतीची प्रत काढून दिली. त्यांनी ती गेटात उभे राहून पाहिली, मग मागे वळून आपल्या इमारतीकडे पाहिले. त्यांच्या गेटपासून जिन्याची पहिली पायरी चार फुटांवर आहे. आतला उतार घ्यायला तिथे जागाच नाही.